बाहेरचा सेन्सर

खान्देशात गाडीच्या सामानाच्या दोनच जाती: कंपनीचं आणि बाहेरचं. तिसरी कुणी मानत नाही. एअर फिल्टर घ्या, ब्रेक-शू घ्या, नाहीतर आरशाची काच, काउंटरपलीकडचा माणूस आधी हेच विचारणार, "कंपनीचं देऊ का बाहेरचं?" आणि 'बाहेरचं' म्हणताना त्याचा आवाज हटकून खाली येणार. आमच्या घरातही यावरून दोन तट आहेत. आमचे हे पक्के कंपनीवाले. वायपरच्या रबराला दुप्पट पैसे लागले तरी चालतील, पण खोक्यावर गाडीच्या कंपनीचा शिक्का हवा. माझा भाऊ जळगावला असतो, तो दुसऱ्या टोकाचा. त्याच्या मते कंपनी फक्त खोक्याचे पैसे घेते आणि आतला माल सगळीकडे सारखाच. गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला तेव्हा या दोघांचं फोनवर जे काही झालं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की सेन्सर काय काम करतो हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

आमची गाडी पेट्रोलवरची, बीएस-४ या धुराच्या नियमांच्या काळातली. राहतो चोपड्याला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाडीचं रोजचं काम म्हणजे घर ते कॉलेज आणि परत, इंजिन नीट तापायच्या आत संपणारं. सुटीच्या दिवशी मात्र विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून जळगावला माहेरी. थंडीत डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला. सोबत ॲव्हरेज पडलं, पण गंमत अशी की गावातल्या गावात पडलं. जळगावच्या फेरीला गाडी पूर्वीसारखीच चालायची. सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास, आणि लांब पल्ल्याला काही म्हणता काही नाही.

आमच्या मिस्तरींनी फोनला जोडायचा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी ०१३५. "सेन्सर गेला, बदलून टाकू," असं ते ह्यांच्याकडे बघत म्हणाले. (गाडी मी चालवते, पैसे मी देणार, प्रश्न मी विचारला, उत्तर मात्र शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाला मिळतं. ह्यांना स्पार्क प्लग दाखवला तर ते त्याला नमस्कार करतील. असो.) लगेच त्यांनी पोराला हाक मारली, "आरे, तो बावीसना पाना लई ये."

मी म्हटलं, थांबा, आधी फ्यूज बघू आणि मग मीटर लावू.

हे मी हुशारी म्हणून म्हटलं नाही. कोड आला की भाग बदलायचा, ही सवय ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत फार महागात जाते. हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची बातमी देतो. ती बातमी वाईट आली म्हणजे सेन्सरच वाईट, असं होत नाही. समजा कोड आला पी ०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन आहे, पेट्रोल कमी नि हवा जास्त. त्याचं कारण हवेची फुटकी नळी असू शकतं, कमजोर पेट्रोल पंप असू शकतो, किंवा सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या पाइपाला गेलेली बारीकशी चीर. त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, आणि गाडीतला संगणक इमानदारीने पेट्रोल वाढवत जातो. अशा गाडीला नवा सेन्सर लावला तर तोही तीच तक्रार करील, तीही जास्त चुणचुणीतपणे. मग मालक म्हणणार, बाहेरचा माल, दुसरं काय होणार!

पी ०१३५ ची गोष्ट वेगळी आहे. इथे सेन्सर धुराबद्दल काही बोलत नाही. त्याच्या पोटात एक हीटर असतो, त्याच्या सर्किटबद्दल ही तक्रार आहे. फ्यूज शाबूत होता. वायरींचा जोड, म्हणजे कपलर, सोडवून मीटर लावला. थंड सेन्सरच्या हीटरचा रोध साधारण २ ते १५ ओहमच्या दरम्यान कुठेतरी यायला हवा, प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. आमच्याकडे मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. वायर उंदरानं कुरतडली असेल अशी एक शंका होती, कारण शेताकडे गाडी लावणाऱ्यांना आमच्याकडे तो अनुभव नवा नाही, पण वायर धड होती. मिस्तरींचं निदान बरोबर निघालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

लांब पल्ल्याला गाडी नीट का चालते, याचंही उत्तर त्यातच होतं. या सेन्सरचा जीव झिरकोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या कठीण पदार्थात असतो. झिरकोनियम ऑक्साइडमध्ये थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलेलं, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय तो कामाला लागत नाही. हीटर असला तर काही सेकंदांत तयार होतो. नसला तर धुराच्याच उष्णतेची वाट बघत बसतो. जळगावच्या रस्त्याला तो तापत होता आणि काम करत होता. घर ते कॉलेज एवढ्यात तापत नव्हता, आणि तोवर संगणक अंदाजाने पेट्रोल सोडत होता, अंमळ जास्तच.

झिरकोनियाला आधी ऊब लागते, ही गोष्ट मोटारीपेक्षा जुनी नसली तरी तिच्या बरोबरीची आहे. वॉल्टर नर्न्स्ट हा जर्मन शास्त्रज्ञ, ज्याचं समीकरण मी दरवर्षी बारावीला फळ्यावर लिहिते. त्यानं १८९७ च्या सुमारास एक विजेचा दिवा बनवला होता. त्यात काचेच्या फुग्यातली तार नव्हती, झिरकोनिया आणि यिट्रिया यांची बारीक कांडी होती. थंड असताना ती वीज वाहून नेत नसे, म्हणून आधी तिला तापवावं लागे. पहिल्या दिव्यांना म्हणे काडी लावून, नंतर शेजारी हीटरची तार देऊन. तारेच्या दिव्यांपुढे हा दिवा टिकला नाही. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल नर्न्स्टला मिळालं ते उष्मागतिकीच्या कामासाठी. पण त्याचं समीकरण आणि त्याच्या दिव्यातला पदार्थ, हे दोन्ही १९७६ मध्ये एका व्होल्वो गाडीच्या सायलेन्सरमध्ये एकत्र आले. बॉशनं बनवलेला तो सेन्सर कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमांसाठी होता. चोपड्याच्या गॅरेजात मी ज्या तुटक्या हीटरकडे बघत होते, त्याची गरज नर्न्स्टला दिव्याच्या वेळीच कळली होती. इतकी वर्षं तास घेते आहे. या समीकरणाचं एक उदाहरण दारात उभं होतं, आणि त्यावर कावळे बसत होते.

समीकरण सांगतं ते असं. झिरकोनियाच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या दाबांचं जे गुणोत्तर, त्याच्या लॉगॅरिदमप्रमाणे व्होल्टेज तयार होतं. धुरात १ टक्का ऑक्सिजन उरला असेल, तर मी गणित केलं, ०.०५ ते ०.०७ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण पेट्रोल किंचित जास्त झालं, की प्लॅटिनमवर उरलासुरला ऑक्सिजनही जळून जातो आणि व्होल्टेज एकदम ०.९ च्या घरात उडी मारतं. सेन्सर ७०० अंशांच्या आसपास असताना ०.९ व्होल्टचा अर्थ असा, की धुरातला ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा एकावर अठरा शून्यं इतक्या पटीनं कमी. बारावीच्या पोरांना इतका मोठा आकडा दिला की ती उत्तर चुकलं म्हणून खोडतात.

त्या उडीमुळेच हा सेन्सर फक्त दोनच गोष्टी सांगू शकतो: कमी पडलं, जास्त झालं. किती कमी, किती जास्त, हे त्याला सांगता येत नाही. (ते सांगणारे वाइडबँड सेन्सर वेगळे, आमच्या गाडीत ते नाहीत.) वजनानं १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे बरोबर प्रमाण. संगणक त्याच्या आसपास सतत डावीउजवीकडे झुलत राहतो. सेन्सर म्हणाला जास्त, की पेट्रोल कमी केलं. म्हणाला कमी, की वाढवलं. बरोबर मध्यावर गाडी कधीच नसते.

मिस्तरींना हे सांगितल्यावर ते मनमोकळं हसले. कार्ब्युरेटरच्या दिवसांत हेच काम ते कानानं आणि प्लगच्या रंगानं करायचे. प्लग काढला आणि काळा निघाला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर लीन, विटकरी-चॉकलेटी असला तर स्क्रूला हात लावायचा नाही. आता कान कुणाला लागत नाहीत, असं ते म्हणाले. पण त्यांचं सगळंच पटण्यासारखं नव्हतं. जुना सेन्सर पेट्रोलात बुडवून ब्रशनं घासला की पुन्हा चालतो, असं त्यांचं मत. काजळी जाईलही, तुटलेली तार कशी जोडली जाणार? आणि सिलिकॉननं किंवा शिशानं विष बाधलेलं प्लॅटिनम घासून बरं होत नाही. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं ते यासाठीही, कारण १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला होता आणि शिसं त्याच्या मुळावर उठत होतं. शिसं गेलं. पण इंजिनाच्या झाकणाला भलतंच सिलिकॉन थापण्याची हौस काही गेली नाही. त्याची वाफ इंजिनातून धुरात जाते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसतो. डबीवर 'सेन्सर-सेफ' लिहिलेलं असेल तेच वापरा, असं मी त्यांना सुचवलं. त्यांनी मान हलवली. डबी कुठली वापरतात ते पुढच्या वेळी बघेन.

सर्व्हिस सेंटरनं फोनवर सांगितलेली किंमत ऐकून ह्यांचासुद्धा कंपनीवरचा विश्वास क्षणभर डळमळला. मग आम्ही जळगावला गेलो. अजिंठा चौफुलीच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, त्यांपैकी एकात. दुकानदारानं काउंटरवर चार खोकी मांडली आणि इथे माझ्या मनातली ती दोन जातींची विभागणी कोसळली.

पहिलं खोकं गाडीच्या कंपनीचं. दुसरं सेन्सर बनवणाऱ्याचं स्वतःचं, आमच्याच मॉडेलसाठी, कपलरसकट. तिसरं त्याच बनवणाऱ्याचं 'युनिव्हर्सल', चार मोकळ्या वायरी, जुना कपलर कापून जोडायचा. चौथं निनावी. त्यावर फक्त 'हाय क्वालिटी' आणि एक धावती गाडी. पहिल्या आणि दुसऱ्या खोक्यातल्या सेन्सरच्या लोखंडी षटकोनावर कोरलेलं नाव एकच होतं! गाडी बनवणारी कंपनी झिरकोनिया भाजत बसत नाही. जगातले असे बहुतेक सेन्सर बॉश, डेन्सो, एनटीके अशा मोजक्या कारखान्यांतून येतात आणि गाडीच्या कंपन्या ते विकत घेतात. म्हणजे ज्याला आपण 'कंपनीचा' म्हणतो तोही बाहेरचाच, फक्त दोन खोक्यांतून आलेला. हे एवढं मी ह्यांना दाखवलं. भाऊ फोनवर होताच, तो म्हणाला, "मी काय सांगत होतो!" पण त्याचंही खरं नव्हतं, कारण तो चौथ्या खोक्याबद्दल सांगत होता.

मला वाटतं खरी रेघ कंपनी आणि बाहेरचं यांच्यामध्ये नाहीच. नाव कोरणारा आणि नाव न कोरणारा, यांच्यामध्ये आहे. निनावी सेन्सरचं वाईट हे की तो लगेच बंद पडत नाही. तो व्होल्टेज देतो, दिवा विझतो, गाडी चालते. फक्त कमीवरून जास्तवर जायला त्याला वेळ लागतो, किंवा हीटरचा रोध भलताच असल्यामुळे काही दिवसांनी पुन्हा तोच कोड येतो. तोवर खोकं कचऱ्यात गेलेलं असतं. जळगाव ही सोन्याची पेठ. लोक लांबून इथे दागिने करायला येतात आणि त्यावरचा शिक्का भिंगातून बघून घेतात. सेन्सरच्या बाबतीत भिंग घ्यायला कुणी तयार नाही. आणि नाव कोरणाऱ्यांच्याही नकला निघतात, तेव्हा खोक्यावर विसंबूनही चालत नाही: षटकोनावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, कोरीव असला पाहिजे, नखानं निघता कामा नये. वायरीची लांबी आणि कपलरच्या खाचा जुन्याशी ताडून बघायच्या. जुना सेन्सर म्हणूनच मी पिशवीतून सोबत नेला होता.

तिसऱ्या खोक्याचा मोह मलाही पडला. स्वस्त, नावाजलेलं, नुसत्या चार वायरी जोडायच्या. दुकानदार म्हणाला, झाळ मारली की झालं. इथे मात्र मी अडले. सेन्सरला एका बाजूला बाहेरची हवा लागते हे वर सांगितलंच. आता हे बाहेरचं टोक उघडं ठेवलं तर पावसाळ्यात पाणी शिरणार. म्हणून बऱ्याच सेन्सरांत ही हवा वायरींच्या आतून, तांब्याच्या तारांच्या मधल्या सूक्ष्म फटींतून येते. सेन्सर स्वतःच्या वायरीतून श्वास घेतो. त्या तारांत झाळ वितळवून भरली, की नाक दाबल्यासारखं होतं. युनिव्हर्सल सेन्सरसोबत म्हणूनच दाबून बसवायचे जोड देतात आणि झाळू नका असं पत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक मराठीत नसतं, आणि दुकानात सगळ्यात आधी तेच फेकलं जातं. शिवाय वायरींचे रंग. एका कारखान्याचा हीटर दोन पांढऱ्यांवर, सिग्नल काळ्यावर, अर्थिंग राखाडीवर. दुसऱ्याचा हीटर दोन काळ्यांवर, सिग्नल निळ्यावर आणि अर्थिंग चक्क पांढऱ्यावर. रंगाला रंग जोडणाऱ्यानं इथे हीटरचे १२ व्होल्ट कुठे नेऊन घातले असते, याचा विचार न केलेला बरा. दुसरं खोकं घेतलं. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैसे पडले.

बसवण्यात सांगण्यासारखं फार नाही. हीटर तुटलाय म्हटल्यावर जुना आधीच खोलून काढला होता, नवा आत जायला वेळ लागला नाही. इंजिन कोमट असताना खोललं तर आटे सुटतात, गार असताना ओढाताण केली तर पाइपाचे आटे मरतात आणि मग लेथवाल्याच्या दारी जावं लागतं. नव्या सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच वंगण लावून येतं; वर आणखी चोपडायचं नाही, टोकाला तर बोटही नाही. हातातून फरशीवर पडला तर आतली चिनीमाती तडकू शकते, आणि वरून काही दिसत नाही. मिस्तरींच्या पोरानं तो दोन्ही हातांत धरून आणला, हे मला आवडलं.

मग स्कॅनरवर आलेख. गाडी सुरू केली, रेघ ०.४५ च्या आसपास सपाट, मग थोड्याच वेळात वर, खाली, वर, खाली. ०.१, ०.८, ०.२, ०.९. मिस्तरी म्हणाले, "देखा, बोलाले लागना." नंतर पीयूसी काढली. बीएस-४ पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर लॅम्डाचा, म्हणजे हवा बरोबर प्रमाणाच्या किती पट आहे त्याचा, रकाना असतो, १ च्या अल्याडपल्याड ०.०३ पर्यंतची मुभा. आमचा त्यात बसला. त्या रकान्याकडे सहसा कुणी बघत नाही, फोटो नीट आला का तेवढं बघतात.

तिथेच मिस्तरींनी आणखी एक युक्ती देऊ केली. कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सर असतो, तो कन्व्हर्टर काम करतो का हे बघतो. पुढे कधी त्याचा कोड आला, तर मध्ये एक नळकांडं घालून सेन्सर धुरापासून मागे सरकवतात, दिवा विझतो, कन्व्हर्टरचे हजारो रुपये वाचतात. पुष्कळ जण करतात म्हणे. मला हे अजिबात मान्य नाही. मुलं सायकलवरून कॉलेजला येतात त्या रस्त्यावर आपण काय सोडतो, हे सांगणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्याचे पैसे मी देणार नाही. ह्यांनी इथे प्रथमच पूर्णपणे माझी बाजू घेतली, जरी कारण वेगळं होतं: ते नळकांडं कंपनीचं नसतं.

जुना सेन्सर प्रयोगशाळेत नेला, व्हाइसमध्ये धरला आणि करवतीनं बाहेरचं कवच कापलं. आत शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी पांढरी टोपी, तिच्या पोटात हीटरची बारीक कांडी. मुलांनी ती हातोहात फिरवली. समीकरणातला कुठला दाब कुठल्या बाजूचा, हे त्या दिवशी फळ्यावर लिहावं लागलं नाही. धडगावकडची एक मुलगी वसतिगृहात राहते, सहसा बोलत नाही. तिनं विचारलं, "मॅडम, गाडी तोरणमाळला नेली तर? वर हवा विरळ असते ना, मग बाहेरच्या बाजूचा दाब कमी होईल, आणि सेन्सर चुकीचं सांगेल."

प्रश्न इतका नेमका होता की मी वर्गालाच गणित करायला लावलं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून थोडं वर. हवेचा दाब चोपड्याच्या मानानं दहा-बारा टक्क्यांनी उतरतो. पण सायलेन्सरचं तोंडही त्याच हवेत उघडतं, तेव्हा धुराचा दाबही जवळपास तेवढाच उतरतो. गुणोत्तरातले वरचे-खालचे दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात घटले, गुणोत्तर तेच राहिलं, व्होल्टेज तेच.

"म्हणजे आपण घाट चढलो हे त्याला कळतच नाही," ती म्हणाली.

नाही कळत. ते कळायला इंजिनाच्या हवेच्या वाटेवर दाबाचा निराळा सेन्सर असतो. मिस्तरींच्या मते पुढचा नंबर त्याचा आहे.